पाखरांचे इवाई

माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे आमचे अकोल्याचे इवाई, यांच्याइतका मानाला कडक माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, आणि पाखरापुढे इतका लाचार झालेला माणूसही दुसरा नाही. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. मुलीच्या बापानं इवायासमोर कसं बसावं, किती बोलावं, कधी हसावं, हे सारं ठरलेलं असतं आणि मी ते मुलगी दिली त्या दिवसापासून पाळत आलो. बशीशिवाय चहा समोर आला की यांचं तोंड उतरतं. लग्नात हार घालताना यांचा नंबर एका मामाच्या मागं लागला, तर हे मांडवातून निघालेच होते. माझ्या बायकोनं आडवं होऊन, हात जोडून परत बसवलं. असा हा माणूस एका सातभाई पाखरासाठी उन्हाळ्याच्या भर दुपारी मातीत पोटावर लोळतो. अंगावर पाखरू शिटलं तर रुमाल काढायच्या आधी वर पाहतात, कोण होतं म्हणून. आणि ओळखीचं निघालं तर खूशही होतात.

जावयानं त्यांना एक कॅमेरा घेऊन दिला, पुढं लांब नळकांडं असलेला. तेव्हापासून घरातल्या माणसाचा एकही फोटो त्यांनी काढलेला नाही. पाखरांचे काढतात, पण त्यात पाखरू नसतं. फांदी असते, पानं असतात, कधी विजेची तार असते. हे बटण दाबेपर्यंत पाखरू गेलेलं असतं. तरी ते फोटो पुसत नाहीत. आल्यागेल्याला बसवून दाखवतात. "हे पाहा, इथं हळद्या होता. इथं तांबट. आणि ह्या तारीवर त कोतवाल असा ऐटीत बसला होता का काय सांगू!" एकदा जावई म्हणाला, "बाबा, याच्यात तर काहीच नाही." इवाई भडकले. "काहीच नाही कसं? फांदी हालून राहिली ते दिसत नाही तुले?" मी चष्मा लावून पाहिलं. खरंच, फांदी जरा पुसट आली होती.

जावई एकदा आम्हा साऱ्यांना सेमाडोहला घेऊन गेला. माझी बायको तेव्हा होती. जंगलात जीपवाल्यानं गाडी थांबवली आणि घशातल्या घशात 'वाघ' म्हटलं. सारी जीप डावीकडे झुकली. इवाई एकटे उजवीकडे तोंड करून एका झुडपातलं पाखरू पाहत बसलेले. वाघ उठून पुढं चालला, जीपवाला त्याच्यामागं गाडी काढायला लागला, तर यांनी त्याचा खांदा धरला. "गाडी हालवू नोको रे बाप्पा, नाचरा हाय नाचरा! पहा कसा शेपूट उघडून राहिला!" मागच्या सीटवर नागपूरचा एक पाहुणा होता, तो अंगावर धावून आला. इवाई त्याला म्हणाले, "वाघाले काय, सारेच पाहतात. ह्याले कोण पाहते?" वाघ गेला. नाचराही गेला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये इवायांशी कोणी बोललं नाही. माझी बायको तेवढी पदरात तोंड घालून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "माणूस येडा हाय, पण खोटा नाही." माणसांच्या बाबतीत ती जे बोलायची ते मी कधी बदललं नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. दहाव्याला पेढी नदीच्या काठावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. माझी मोठी बहीण वलगावला दिली आहे. सारे तिला आक्का म्हणतात आणि सारे तिला भितात. ती पुढं झाली. "काही तरी राहिलं हिचं. सांगा तिले, करतो म्हणा." मुलगा म्हणाला, आई, मी यंदा लग्न करतो. मुलगी म्हणाली, आई, मी बाबांकडं पाहीन. मी म्हटलं, मी तंबाखूचा खर्रा सोडतो. कावळा आला नाही. म्हणून मीही खर्रा सोडला नाही. सौदा दोन्हीकडून पाळायचा असतो.

तेवढ्यात मागून इवाई गरजले. "मांगं सरा! सारे मांगं सरा! एवढे लोक पांढरे कपडे घालून डोक्यावर उभे राहिले, त पाखरू येईन कसं? बसा खाली. हालू नोका." मुलीकडची माणसं आम्ही, इवायाला नाही कोण म्हणणार? सारे सोयरे, गुरुजींसकट, बाभळीच्या मागं उकिडवे बसले. माझ्या चुलतभावाला ठसका लागला, तर यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की ठसका आतल्या आत विरला. तरी कावळा आला नाही. गुरुजींना आणखी एका ठिकाणी जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून मोकळे झाले. इवाई म्हणाले, "गवताचा चालते, त मंग खरा कायले बोलावता?" गुरुजींनी पिशवी उचलली. पण निघताना आक्कानं मला बाजूला घेतलं. "उपाशी गेली रे ते. मन भरलं नाही तिचं तुह्या घरी."

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. खाताना ते समोर बसायचं. एवढा संसार झाला, आणि त्याचा निकाल एका कावळ्यानं लावला. तोही न येता.

पुढं महिन्याभरातच इवाई अमरावतीला माझ्या दारात उभे. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोतं. पोत्यात तेलाचे रिकामे डबे, करवंट्या, पाण्याच्या बाटल्या, तार, सुतळी. "तुमच्या मांगच्या अंगणात पाखरांची खानावळ काढतो," म्हणाले. मी म्हटलं, "इवाई, ह्या दिवसांत मले काही नोको." "तुमच्यासाठी कोण काढून राहिलं जी? तुमाले काय चोच हाय?" आणि चपला काढून सरळ मागं गेले. दुसरा कोणी असता तर मी हाकलला असता. इवायाला हाकलता येत नाही.

निंबाच्या फांदीला डबे लटकले. बाटल्यांना भोकं पाडून त्यात लाकडी चमचे आडवे घातले, म्हणजे दाणा चमच्यात उतरतो आणि पाखराला बसायलाही होतं. करवंटीत पिकलेली पपई, खिळ्याला अर्धं संत्रं, ज्वारीची कणसं, मातीच्या परळात पाणी. प्रत्येक दाणा आधी हे स्वतः चावून पाहणार. दुकानातली बाजरी तोंडात टाकली आणि थुंकली. "हे मी नाही खाणार. त पाखरू काहून खाईन?" ती बाजरी बदलून आणायला मला पाठवलं. मी पांढऱ्या सदऱ्यात अंगणात आलो तर ओरडले, "बगळा समजता काय सोताले? बदला ते!" कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो तेव्हाचा खाकी सदरा मी ट्रंकेतून काढला आणि दोघं म्हातारे मोरीच्या आडोशाला पाटावर बसलो. अंगणात मोठ्यानं बोलायची बंदी. हे स्वतः कुजबुजत, पण ती कुजबुज रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाई.

लोक बोलायला लागलेच. बायको जाऊन चार दिवस नाही झाले आणि म्हाताऱ्यानं हे काय मांडलं? शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काका, वर्षभर तरी दम धरा. माळ घ्या, देवाचं नाव घ्या." मी म्हटलं, "वर्ष माझं आहे, बाई. मी त्यात काय करायचं ते मी पाहीन." दुःख कसं करावं हे मला शिकवायला जो तो येत होता. यातला एकही जण ती आजारी असताना चादर बदलायला आला नव्हता.

पण खरी गोष्ट अशी की पाखरू एकही येईना. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. पपई काळी पडली. कणसांना मुंग्या लागल्या. मी रोज तिथं बसत होतो आणि रोज मला पेढीचा काठ दिसत होता. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पाट सारून उठलो. "इवाई, काढा हे सारं. आक्का म्हणते तेच खरं हाय. माह्या घरचं कोणी खात नाही. ते बी उपाशी गेली."

इवाई कुजबुजायचं विसरले. "बसा खाली! तुमी पोरीसाठी आमचं घर पाहाले पहिल्यांदा अकोल्याले आले, तवा तुमच्यापुढं पोहे ठेवले होते. आठवते का?"

"हव."

"खाल्ले का तुमी?"

"नाही."

"काहून? उपाशी नव्हते?"

उपाशी कसा नव्हतो! सकाळच्या गाडीनं निघालो होतो, पोटात कावळे ओरडत होते. पण सोयरीक ठरली नसताना त्या घरचं खायचं कसं? अनोळखी माणसं, सारी माझ्याकडं टक लावून बसलेली. मी म्हटलं होतं, आमचं आत्ताच झालं.

"पोहे वाईट होते? आमच्यावर राग होता? काही इच्छा राहिली होती तुमची?" इवाई बोट नाचवत होते. "दुसऱ्या खेपेले बी तुमी नुसता चहा घेतला. तिसऱ्या खेपेले बसले जेवाले. मी तवा गावभर सांगत सुटलो काय, ह्या माणसाचा आत्मा अडकला म्हणून?"

"लाजत होतो मी, इवाई."

"मंग कावळ्यानं लाजू नाही काय?"

मी पाटावर बसलो. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता जे व्हायचं ते झालं. इवाई दुसरीकडं तोंड करून निंबाच्या झाडाकडं पाहत राहिले. हे त्यांना चांगलं जमतं.

मग एका सकाळी सातभाई आले. वरातीतल्या माणसांसारखे, सारे एकदम, सारे एकदम बोलणारे, कोणी कोणाचं ऐकणार नाही. त्यांच्यामागं बुलबुल, मग होले, मग चिमण्या. खानावळ चालू झाली. इवायांनी एवढे फोटो काढले की बोट दुखायला लागलं. एकात होल्याची अर्धी शेपूट आली, तो त्यांनी जावयाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'अर्धा आला.' शेवटी कावळाही आला. आला तो दांडगा, डबा पालथा घालून, अर्धा दाणा सांडून जाई. इवाई त्याला शिव्या देत, "आता आला होय? तवा कुठं मेला होता?" आणि डबा पुन्हा भरून ठेवत.

दिवाळी झाल्यावर आक्का आली. मागच्या ओट्यावर बसली, चहा हातात, आणि समोर तो कावळा डब्यावर उतरला. आक्कानं कप खाली ठेवला. "पाह्य! मी म्हटलं होतं ना? भुकेली हाय अजून. रोज येऊन राहिली खाले."

इवाई तोंड उघडणार होते. मी हातानं थांबवलं. इवायाला असं थांबवायचं नसतं, पण थांबवलं.

"आक्का, तो कावळा हाय. ते नाही."

"तुले काय समजते?"

"मलेच समजते. शेवटी तिले घास गिळत नव्हता. मी ज्वारीची पातळ आंबील करू करू चमच्यानं देत होतो. गेली त्या सकाळी दोन-चार चमचे घेतले, आन् माहा हात धरून खाली केला. म्हणे, बस झालं. भरलं माह्यं. आता तुमी खा. मंग काही बोलली नाही ते. भरलं म्हणून गेली, आक्का. सोताच्या तोंडानं सांगून गेली. आजपासून ह्या घरात तिले कोणी उपाशी म्हणायचं नाही. तू बी नाही."

आक्कानं खाली ठेवलेला कप आणखी लांब सारला. तिच्याशी असं कोणी बोलत नाही. मग म्हणाली, "मंग तवाच काहून नाही बोलला, बापा?"

"तवा तुमी सारे कावळ्याले विचारून राहिले होते, आन् मी बी त्याचंच खरं धरून बसलो. मले कोणी विचारलं?"

तिनं पदरानं डोळे पुसले. इवाई कॅमेऱ्याची काच पुसत होते. काच स्वच्छच होती, तरी पुसत होते. डब्यावरचा कावळा खाऊन उडून गेला. त्याच्याकडं आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.

इवाई आता अकोल्यालाच असतात. गुडघ्यांनी त्यांना धरून ठेवलं आहे. फोन करतात तर 'कसे आहात' विचारत नाहीत, 'कोण आलं?' एवढंच विचारतात. मी सांगतो. एखादं नवीन असलं की रंग सांगतो, चोच सांगतो, आणि ते तिकडून नाव सांगतात. डबे मीच भरतो आता. कोणी नावं ठेवतं, ठेवू दे. सकाळी मागचं दार उघडताना मात्र मी कडी वाजू देत नाही, फळी अलगद सारतो आणि जरा वेळ उंबऱ्याच्या आतच उभा राहतो. बाहेर कोणी खात असलं, तर माझ्यापायी अर्ध्यावरून उठायला नको.