गोळ्यांच्या खोक्यातला कागद

काल माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या खोक्यातून बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद पडला आणि जुईनगरच्या जुन्या घरातला ओटा डोळ्यांसमोर आला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला डिप्रेशन होतं, पण दोन महिन्यांच्या गोळ्यांनी ती पुन्हा स्वतःहून वेणी घालायला, टीव्ही बघून हसायला लागली होती. त्या दुपारी ओट्यापाशी मी तिच्या गोळ्यांच्या खोक्यातला तसलाच इंग्रजी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आमच्या घराण्यात असं वाचू शकणारी मी पहिलीच. लहान मुलांना असलेल्या धोक्याच्या ओळीवर बोट ठेवून मी म्हटलं, "गोळ्या बंद." जासईहून आलेली माझी आई कोलंबी सोलत होती. "डाक्टरनी दिल्यान त दे ना गो. पोर हसाला लागली हाय." "आई, तुला यातलं काय कळतं? ग्रॅज्युएट मी आहे." आईने पुढची कोलंबी उचलली. डॉक्टरांना मी फोनसुद्धा केला नाही. मुलीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, तू बरी झालीस. तीन आठवड्यांनी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, केसांचा नुसता गुंता. म्हणाली, "मम्मी, डॉक्टर म्हणाले ना मी बरी झाले? मग माझंच काहीतरी चुकतंय." डॉक्टर मला बाजूला घेऊन खूप बोलले आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आज ती कॉलेजात आहे, बरी आहे. पण एखाद्या दिवशी उदास झाली की म्हणते, "मी तेव्हापण बरी होऊन परत पडलेच ना, मी तशीच आहे." तेव्हा खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर येतं, आणि मी तिला विचारते, चहा टाकू का.