आबांचा दुसरा गिअर

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मखमलाबादच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवाल्याचा उद्धार करायचे. गाडी दिसायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून सुरुवात. "टाक की गाढवा तिसरा! ती मागतीये, हा देत नाय." गल्लीतलं पोर सुटलं नाही की शाळेतले मास्तर सुटले नाहीत. स्वतःबद्दल मात्र कुणी ब्र काढलेला खपायचा नाही. असा तुसडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला गाडी शिकवली तीही त्यांनीच, पण माझ्यावर माया उतू जात होती म्हणून नव्हे. आमच्या शेतातल्या झेंडूची गाठोडी रोज सकाळी नाशिक रोडच्या हारवाल्यांकडे पोचवायची, नवऱ्याची कंपनीत पाळी, आबांना ताप आला की सगळाच खोळंबा. म्हणून सुनेला धरलं. "क्लच हाय तो, संडासाची कडी नाय. सोड!" शेजारणी कामं टाकून बघायला जमायच्या. मीटरवर गिअरचा आकडा दिसायचा. मी तो बघते म्हटल्यावर त्यांनी त्यावर चक्क चिकटपट्टी लावली. "भूक लागली का ते घड्याळात बघतीस का? कानानं चालव." दातओठ खात शिकले मी.

आणि मग त्याच माणसाचे कान गेले. कबूल कसलं करतात! घरातला टीव्ही गल्लीभर ऐकू जायचा. आणि गाडी? दुसऱ्या गिअरमध्ये, बोंबलत, मखमलाबादपासून थेट नाशिक रोडपर्यंत. ओट्याओट्यावरची माणसं हसायची. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. जन्मभर लोकांना नावं ठेवलीत ना, घ्या आता.

एका सकाळी द्वारकेच्या चौकात मागून बस हॉर्न देत आली आणि आबांना पत्ताच नाही. बस घासून गेली. गाठोडं चाकाखाली आणि आबा दुभाजकावर. कोपर सोलून घरी आले नि म्हणाले, "डायवर आंधळा व्हता." नवरा माझ्या कानात, "तूच सांग बाई त्यांना." वाघच तो! शेवटी किल्ली मीच काढून घेतली आणि कमरेला खोचली. आबा दोन दिवस जेवले नाहीत. नुसती नाटकं. पण रात्री दोनदा उठून मी त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघून आले.

तिसऱ्या दिवशी मी गाडी काढली, एक गाठोडं टाकीवर ठेवलं आणि त्यांना खूण केली, मागे बसा. दुसरं गाठोडं मांडीवर घेऊन बसले एकदाचे, तोंड वळवून.

पाटाच्या चढावर माझ्या खांद्यावर चापट बसली. दचकून मी गिअर कमी केला आणि गाडी मुकाट चढली. चढ संपता संपता दुसरी चापट, म्हणजे वाढव. नाशिक रोडपर्यंत एकही चापट चुकली नाही.

उतरल्यावर मी त्यांच्या कानाशी ओरडले, "आबा, इंजिन ऐकू येतं का तुम्हाला?"

"कशाला याया पायजे? बूड हाय ना सीटवर. समदं कळतं."

माझं डोकंच फिरलं. "मग दुसऱ्यात कशाला बोंबलत न्यायचात? अख्खं गाव हसत होतं!"

ते गाठोड्याची गाठ सोडत राहिले. ती सुटेना. खाली बघूनच म्हणाले, "दुसऱ्यात ठिवली का जरा ऐकू यायची."

मी गाठोडं हातातून घेतलं आणि गाठ सोडून दिली.

पुढची तीन वर्षं आबा माझ्या मागे बसले. 'बरी चालवतीस' असं एकदाही म्हणाले नाहीत. मागच्या थंडीत गेले. आता पाटाचा चढ संपला तरी मी गाडी थोडा वेळ दुसऱ्यातच ठेवते. बोंबलते ती. ओट्यावरची माणसं म्हणतात, सुनेचेपण कान गेले वाटतं. म्हणू देत मेले.