पातळ वरण

आज वरणात पाणी जास्त पडलं आणि अमेरिकेतल्या ट्रॉयमधलं ऐंशीच्या दशकातलं एक जेवण आठवलं.

सासूबाई गावाहून पहिल्यांदाच आल्या होत्या. मुलाला आणि नातवाला घट्ट वरण वाढून झाल्यावर त्यांनी उरलेल्या वरणात तांब्याभर पाणी ओतलं आणि ते माझ्या मुलीला वाढलं.

"आई, इथे डाळ भरपूर आहे," मी म्हणाले.

"असेल गं. पण डाळ महागली की आमच्याकडे बायका असंच खातात. तिला सवय असू दे."

"आई थोडे दिवसच आहे, अ‍ॅडजस्ट कर ना," नवरा मला म्हणाला.

मी त्याची आणि मुलीची वाटी बदलली. त्याने एक घोट घेतला.

"आई, तू हे खायचीस?"

तेव्हा मला सासूबाईंचा राग आला होता. आता त्या प्रश्नाचा येतो. लहानाचा मोठा तो त्याच घरात झाला होता.