दादाची इलेक्ट्रिक पिकअप आणि हसनचाचा

गेल्या आठवड्यात आमचे शेजारी हसनचाचा गेले. आमच्याच पिकअपमध्ये, आमच्या पावस गावाहून रत्नागिरीला नेताना...

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, गेल्या वर्षी इलेक्ट्रिक पिकअप घेतली. आंब्याच्या पेट्या रत्नागिरीला पोचवायच्या, घरी आलं की चार्जिंगला लावायची. डिझेलची कटकट संपली म्हणून स्वारी खूश होती. चाचांनाही तिचं भारी कौतुक. आयुष्य मच्छीमारी बोटीवर काढलेला माणूस, येता-जाता तिच्या बॉनेटवर थाप मारायचा.

मग वादळ झालं. पोल आडवे झाले, लाइट गेली, मोबाइलची रेंजही गेली. गाडीत थोडंच चार्जिंग उरलेलं... लाइट आली की लावू, म्हणून ती अंगणात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरियमचाची धावत आली. चाचांच्या छातीत जोराची कळ आली होती. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागेना. वाडीतली दुसरी पिकअप आंबा घेऊन मुंबईला गेलेली.

"पोचेल का रे?" मी दादाला विचारलं.

"बघू. मागे गादी टाक."

चाचांचं डोकं मांडीवर घेऊन चाची हौद्यात बसली. मी त्यांचे पाय धरून बसलो. चढ लागला आणि गाडी मंदावली... चार्जिंग संपत आलं की ती जोर धरत नाही. पुढून दादाचा आवाज येत होता, "चल गो बाय, चल..."

भाट्याच्या पुलाच्या अलीकडे चाचांनी डोळे उघडले. "सलीमला सांग... मी रागावलेलो नाय."

सलीम त्यांचा मुलगा. बापाची बोट सोडून कुवेतला गेला, तेव्हापासून चाचा त्याच्याशी फोनवर बोलत नव्हते. फोन आला की उठून बाहेर जायचे.

हॉस्पिटलला पोचलो. गाडी पोचली... चाचा नाही.

दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. "डिझेलची असती तर वेळेत आलो असतो," एवढंच म्हणत राहिला. असेलही, नसेलही. डॉक्टरांनाही ते सांगता आलं नाही.

सलीम कुवेतहून पोचला तोपर्यंत दफन झालं होतं. त्याला बापाचं तोंडही बघायला मिळालं नाही.

काल चाची त्याला घेऊन आमच्याकडे आली. दादा मान खाली घालून उभा होता.

"सुधीर, वर बघ," चाची म्हणाली. "तुझ्या जुन्या डिझेलच्या गाडीत मागे बसलं की शेजारच्याचं ऐकू येत नसे. हिच्यात त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला मला. तो मी ह्याला देऊ शकले."

सलीमने दादाला मिठी मारली. दोघेही लहान मुलांसारखे रडले.

लोक विचारतात, गावाकडे इलेक्ट्रिक गाडी चालते का? लाइट असेल तेव्हा छान चालते, मी सांगतो. नसेल तेव्हाचं आम्ही पाहिलं...

दादा काल कितीतरी दिवसांनी नीट जेवला. स्वतःच्या घरात एवढं दुःख असताना चाची त्याला सावरायला आली. तिला काय म्हणावं, मला अजून सुचत नाही.