तुम्ही खाल्लं, की त्यांनी खाऊ घातलं?

नंदनवन नावाच्या आमच्या वस्तीत शुगर-बीपीचा एक दवाखाना आहे. तिथे मी डाएटचं काम करते. पाटीवर ‘आहारतज्ज्ञ’ लिहिलंय, पण पेशंट मला ‘डाएटवाल्या मॅडम’ म्हणतात. डॉक्टर मॅडम गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, ‘‘आता बाजूच्या खोलीत जा.’’ ती बाजूची खोली माझी. एक टेबल, एक वजनकाटा आणि पेशंटची खुर्ची. त्या खुर्चीवर बसल्यावर माणूस खोटंच बोलतो असं नाही, पण सगळं सांगतही नाही. अशा खोलीत सोळा वर्षं काढली की किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. फ्रिजमागे धूळ साचते तसे ते साचतात. एक झटकायला जावं, तर चार बाहेर येतात!

लोकांना वाटतं, काय खायचं ते सांगणं हे माझं काम. छे! काय खायचं ते सगळ्यांना पाठ आहे. माझं काम भांडणं ऐकण्याचं. चूक कोणाची? जाहिराती करणाऱ्या कंपन्यांची, की आपल्या जिभेची? नवरा म्हणतो बायको तळते, बायको म्हणते नवरा आणतो, पोरं मोबाइलमधलं ॲप दाखवतात. सुरुवातीला मी निवाडा द्यायची. आता दमले. आता नुसती ऐकते.

* * *

काटोलचे एक नानाजी. संत्र्यांचा व्यापार. बसनं यायचे, वेळेवर यायचे, गोळ्या चुकवायचे नाहीत. पण शुगर काही खाली येईना.

मी त्यांना एक वही दिली. म्हटलं, तोंडात जे जे जाईल ते लिहा. महिन्यानं वही घेऊन आले. सकाळी दोन ज्वारीच्या भाकरी, भाजी, ताक. संध्याकाळी एक भाकर, वरण. इतकी स्वच्छ वही की फ्रेम करून भिंतीवर लावावी!

‘‘नानाजी, संत्री खाता का?’’

‘‘संत्रं? नाही बाप्पा! धंद्याच्या मालाले मी हात लावत नाही.’’

‘‘मग दिवसभर बाजारात काय करता?’’

‘‘माल पाहातो नं.’’

‘‘कसा पाहता?’’

‘‘कसा म्हणजे? एकेका ढिगातलं एक फोडाचं, दोन फोडी तोंडात टाकाच्या. आंबट निंगालं तर ढीग सोडून द्याचा.’’

‘‘दिवसाला असे किती ढीग?’’

नानाजी बोटांवर मोजू लागले. एक हात संपला, दुसरा संपला. मग त्यांनी मोजणंच सोडून दिलं आणि माझ्याकडे फार गंभीरपणे पाहिलं.

‘‘पण मॅडम, ते खाणं थोडी होय! ते तर काम होय!’’

* * *

डॉक्टर मॅडम पूर्वी चिठ्ठीवर एक ओळ लिहायच्या : ‘बाहेरचं खाणं बंद.’

बँकेतले एक साहेब ती चिठ्ठी घेऊन गेले आणि महिन्यानं दोन किलो वाढवून परत आले. सोबत बायको.

‘‘बाहेर खाल्लंत का?’’

‘‘एकदाही नाही! हिला विचारा.’’

‘‘नाही नं मॅडम,’’ बायकोनं साक्ष दिली. ‘‘हे आता बाहेर जातच नाहीत. सगळं घरीच मागवतो आम्ही.’’

‘‘पिझ्झासुद्धा?’’

‘‘हाव. दारावर येऊन जाते. मी खोक्यातून काढते आणि घरच्या ताटात वाढते!’’

त्या दिवसापासून डॉक्टर मॅडमनी ओळ बदलली : ‘घरी शिजवलेलंच खावं.’

आठवड्याभरात दुसरा पेशंट आला. वजन जैसे थे, चेहरा मात्र निर्धास्त.

‘‘सगळं घरीच बनवलं मॅडम. समोसे पण!’’

* * *

धोटे गुरुजी शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवणं सुटलं नाही. आमच्या वेटिंग रूममध्ये त्यांचा तास चालतो. विषय ठरलेला : परदेशी कंपन्यांनी आपल्या पोरांच्या पोटाचं कसं वाटोळं केलं. ऐकणारे सगळे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले, त्यामुळे वाद घालायची ताकद कोणातच नसते!

रक्त दिल्यावर नाश्ता करून यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. गुरुजींचा दुसरा रिपोर्ट पाहून मला घामच फुटला.

‘‘गुरुजी, नाश्त्याला काय घेतलंत?’’

‘‘देशी!’’ गुरुजी ताठ झाले. ‘‘तर्री-पोहे. दोन आलूबोंडे. थोडीशी जिलबी. तुमच्या त्या बर्गर-फिर्गरले मी शिवत नाही. आपल्या मातीतलं खाल्लं.’’

डॉक्टर मॅडम तेवढ्यात आत आल्या होत्या. रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाल्या, ‘‘गुरुजी, रक्ताला माती कळत नाही.’’

गुरुजी उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले. मग वळून म्हणाले, ‘‘पण जिभेले तर कळते नं!’’

* * *

एकदा खुद्द कंपन्यांच्या बाजूचाच माणूस माझ्या खुर्चीवर येऊन बसला. संकेत. वय बत्तीस, मोठ्या रस्त्यावरच्या बर्गरच्या दुकानात मॅनेजर. लिव्हरवर चरबी.

इतक्या वर्षांचा राग मी त्या एकट्यावर काढला. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘मॅडम, आम्ही कोणाले हात धरून आणत नाही. लोकं आपल्या पायानं येतात.’’

‘‘आणि तुम्ही? तुम्ही का खाता रोज?’’

‘‘मी काय करू? ड्यूटीवर तेच भेटते.’’

एका मिनिटात त्यानं वाद दोन्ही बाजूंनी मांडून दाखवला. मी इतकंच म्हटलं, ‘‘डबा नेत जा.’’

तीन महिन्यांनी आला तेव्हा चेहरा उतरलेला, म्हणजे चांगल्या अर्थानं! बायको भाकर, मेथीची भाजी, जवसाची चटणी देत होती. मी खूश.

‘‘दुकानातच बसून जेवता ना?’’

संकेत खाली पाहू लागला. ‘‘दुकानात नाही जमत मॅडम. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणायले मनाई आहे.’’

‘‘अहो, पण तुम्ही मॅनेजर आहात!’’

‘‘ती पाटी मीच लावली नं.’’

म्हणून तो पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर डबा उघडून जेवतो. मागे भिंतीवर त्याच्यापेक्षा उंच बर्गरचं चित्र. एका दुपारी दुकानातून जेवून निघालेलं एक गिऱ्हाईक त्याच्या डब्यापाशी थबकलं. भाकरीकडे पाहिलं, चटणीकडे पाहिलं.

‘‘भाऊ, हे कोणत्या काउंटरवर भेटते? आम्हाले तर मेनूत दिसलंच नाही!’’

* * *

शाळांमध्येही बोलावतात मला. एका शाळेत ‘जंक फूडचे दुष्परिणाम’ या विषयावर निबंध स्पर्धा होती आणि परीक्षक मी होते. सत्तर निबंध वाचले. एकोणसत्तर एकाच गाइडमधून उतरवलेले.

एक मात्र वेगळा. सातवीतली मुलगी. तिनं घरातल्या विकतच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली होती. ‘जे आपल्याला कळावं ते इतक्या लहान अक्षरात का लिहितात? आणि जे घ्यावंसं वाटावं ते इतक्या मोठ्या अक्षरात का?’ असं तिनं लिहिलं होतं. मी तो निबंध दोनदा वाचला. फार दिवसांनी काहीतरी वाचून बरं वाटलं.

बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी माझ्या हातात पाकीट दिलं, मी तिच्या हातात दिलं. तिनं तिथेच उघडलं. प्रायोजकांचं कूपन! चार जणांचं जेवण, पिझ्झाच्या दुकानात, थंड पेयासह.

मुलीनं कूपन वाचलं. मोठी अक्षरं वाचली, बारीकही वाचली. मग मला हळूच विचारलं, ‘‘मॅडम, माझा निबंध खरा होता नं?’’

‘‘हो बेटा. अगदी खरा.’’

‘‘मंग हे?’’

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी माइक ओढून घेतला.

‘‘टाळ्या!’’

* * *

आता स्वतःचंही सांगून टाकते. लपवण्यात अर्थ नाही.

खापा गावाहून बसनं येणाऱ्या चंद्रभागाबाई नावाच्या पेशंट आहेत. एका दुपारी मी त्यांच्यावर फार चिडले. लग्नातला एक लाडू खाल्ला, तो त्यांनी प्रामाणिकपणे सांगितला आणि मी त्यांना पंधरा मिनिटं ऐकवलं! त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून निघाले तर डोकं पार रिकामं झालेलं. घरी जाऊन कणीक मळायची, या विचारानंच खांदे दुखायला लागले. पाय आपोआप पिझ्झाच्या दुकानात शिरले. रांगेत उभी राहिले, आणि पुढची बाई मागे वळली.

चंद्रभागाबाई!

दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

‘‘नातवासाठी घेऊन राहिली वं ताई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसले येळ होता नं, म्हनलं घेऊन जाव.’’

‘‘मी पण मुलीसाठीच,’’ मी म्हटलं. मुलगी पुण्याला असते.

तेवढ्यात काउंटरवरच्या पोरीनं दोघींकडे पाहून विचारलं, ‘‘पॅक करू, की इथंच खाणार?’’

‘‘इथंच!’’ दोघी एका सुरात बोलून गेलो.

मग एकाच टेबलावर बसलो. दुसरं रिकामं नव्हतंच. अर्धा पिझ्झा संपल्यावर चंद्रभागाबाईंनी हात पुसले.

‘‘ताई, तुम्ही बी थकून जाता काय वं?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘फार.’’

‘‘मी बी,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेल्यातला एक तुकडा माझ्याकडे सरकवला.

मी खाल्ला.

* * *

श्रावणजी ऑटो चालवायचे. शुगरमुळे पायाचं एक बोट काढावं लागलं, तेव्हापासून काठी आली आणि ऑटो सुटला. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि मुलगी प्रणाली. प्रणाली एका बर्गरच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. बापाला दवाखान्यात आणायची ती ड्यूटीच्या ड्रेसमध्येच, टोपी पर्समध्ये कोंबून. बाप काहीबाही खायचा आणि ती भडकायची.

‘‘मॅडम, बाबाले सांगा तुम्ही! काल कोपऱ्यावर जाऊन भजे खाल्ले. मी दिवसभर उभी राहतो यायच्या इंजेक्शनसाठी, आन् हे भजे खाऊन राहिले!’’

‘‘दोनच खाल्ले वं,’’ श्रावणजी पुटपुटायचे.

या वेळी प्रणाली एकटीच आली. खुर्चीवर बसली आणि बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. रिपोर्ट काढून ठेवला. साखर भलतीच वाढलेली.

‘‘बाबा कुठे?’’

‘‘घरी आहेत. मीच नाही आणलं.’’ मग म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्या हातून एक झालं.’’

परवा दुपारी दुकानात मोठ्या ऑफिसचे साहेब तपासणीला आले होते. हातात फाइल घेऊन बरोबर प्रणालीच्या पाठीशी उभे. नियम असा की गिऱ्हाईक काहीही मागो, हसून विचारायचं : ‘सोबत फ्राइज घेणार का? कोल्ड्रिंक मोठं करू का?’ एकालाही विचारायचं राहिलं तर फाइलमध्ये फुली. मागच्या तपासणीत तिच्या नावासमोर दोन फुल्या पडल्या होत्या. आणखी एक पडली की काम जाणार.

रांग मोठी होती. एकाला दिलं, दुसऱ्याला दिलं, मान वर करून ‘वेलकम सर’ म्हटलं, तर समोर काठी टेकून बाबा!

ते तिच्या दुकानात कधीच आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

‘‘मले वाटलं, घराची चाबी मांगाले आले असन,’’ प्रणाली म्हणाली. ‘‘मी डोळ्यानंच म्हनलं, बाबा, जा. ते हटलेच नाही. मले म्हणे, ‘मॅडम, एक बर्गर द्या.’ मले मॅडम म्हणे!’’

मागे साहेबांचा पेन वाजला. टक्.

प्रणालीनं बापाकडे पाहिलं. मग हसली. शिकवलं होतं तसं, दात दिसतील इतपत.

‘‘सोबत फ्राइज घेणार का सर? कोल्ड्रिंक मोठं करू का?’’

श्रावणजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहिलं.

‘‘करा,’’ ते म्हणाले.

एका हातात काठी, एका हातात ट्रे. सांडत-लवंडत कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत गेले. प्रणालीला जागा सोडता येत नव्हती. रांग वाढतच होती आणि ती प्रत्येकाला हसून तेच विचारत होती. तासाभरानं साहेब गेले. फाइलमध्ये एकही फुली नाही. मॅनेजरनं शाब्बास म्हटलं.

ती धावत कोपऱ्यात गेली. बर्गरचा कागद घडी करून ठेवलेला. फ्राइजचं खोकं रिकामं. तो मोठा ग्लास तळापर्यंत रिकामा.

‘‘मी लय भांडली मॅडम. सगळ्यांसमोर! म्हनलं, बाबा, एवढं काहून खाल्लं? तुम्हाले मालूम नाही काय हे सारं जहर आहे तुमच्यासाठी?’’

‘‘मग? काय म्हणाले?’’

प्रणालीनं पर्सची चेन बंद केली, पुन्हा उघडली.

‘‘म्हणे, ‘तू एवढी हासून ईचारून राहिली होती वं. मी नाही कसा म्हणू?’’’