माझ्या वाटणीचा पेला

आमच्या घरात चार म्हशी होत्या आणि दुधाचा पेला एकच होता. म्हणजे मांडणीवर पेले पुष्कळ होते, पण गरम दुधाने काठोकाठ भरलेला, वर जाड साय आलेला उभा स्टीलचा पेला रोज संध्याकाळी एकालाच मिळायचा, माझ्या थोरल्या भावाला. बाकीचं दूध कॅनमधून पवनानगरच्या डेअरीत जायचं आणि मला चहा मिळायचा. दादा तो पेला घेऊन बाहेर ओट्यावर जायचा आणि डोंगराकडे तोंड करून निवांत बसायचा. मी आतून त्याच्या पाठीकडे बघत जळायचे.

हा नियम आत्याचा होता. आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. दिली होती इंदुरीला, पण तिचं निम्मं लक्ष माहेरच्या चुलीवर असायचं. "पोरीला दूध देऊ नगं," ती आईला बजावायची. "पोरींना पचत न्हाई. आन दिलंच तर लवकर वाढत्यात." जे पचतच नाही ते अंगाला लागतं कसं, असं मी एकदा विचारलं. उत्तर म्हणून मला गोठ्यातलं शेण भरायला पाठवलं गेलं.

आठवीत असताना मी उपोषण केलं. मलाही पेला पाहिजे, असं जाहीर करून गोठ्यात जाऊन बसले. इतिहासाच्या पुस्तकातली उपोषणं बरेच दिवस चालतात. माझं सकाळी आठला सुरू झालं आणि दुपारी अडीचला आईने पिठल्याला लसणाची फोडणी दिली तेव्हा संपलं. दोन भाकरी खाऊन मी परत गोठ्यात जाऊन बसले, तेवढ्यात आबा शेतावरून आले. पोरगी सकाळपासून उपाशी आहे असं समजून त्यांना गहिवरून आलं. "दे तिला पन," ते आईला म्हणाले. आईने पिठल्याचं काही सांगितलं नाही, आणि मी तर ढेकरही दाबून धरला होता.

त्या संध्याकाळी मी माझा पेला सगळ्यांना दिसेल असा मधल्या खोलीत बसून प्यायले. तासाभरात पोटात गुरगुरायला लागलं. मग फुगलं, मग कळा आल्या, मग मी घरामागे धावले. मला वाटलं, पोटाला सवय नाही, होईल हळूहळू. पुढची नऊ वर्षं मी ती सवय व्हायची वाट बघत होते.

या नऊ वर्षांत मी कामशेतच्या वडापावला दोष दिला, शाळेच्या टाकीला दिला, कच्च्या बोरांना दिला, गणिताच्या पेपरला दिला आणि वर्गातल्या एका मुलीच्या नजरेलाही दिला. दुधाला मात्र कधीच नाही. कसा देणार? दूध पचत नाही म्हटलं की आत्या जिंकली. त्यामुळे अशक्तपणा वाटला की मी आणखी दूध मागायचे, कधी हळद घालून, कधी अंडं फोडून. पोट जितकं बिघडायचं तितकी मी पेला घट्ट धरायचे.

दादा तोवर धरणाकाठच्या तंबूंच्या कॅम्पवर कामाला लागला होता. शहरातून येणाऱ्या पोरापोरींची जेवणाची नाटकं तो आम्हाला करून दाखवायचा. एकीला गहू चालत नाही, एकाला शेंगदाणा चालत नाही. एकदा तर एका मुलीने त्याला विचारलं, की मला दूध सहन होत नाही, चहाला बदामाचं दूध मिळेल का. "बदामाला काय सडं असत्यात?" आत्या म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसले. हसून झाल्यावर डबा घेऊन घरामागे गेले.

बी.ए. झाल्यावर मी पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आबांनी दोन संधी दिल्या. दोन भरत्यांत निघाली तर निघाली, नाहीतर आत्याच्या पर्समधलं स्थळ बघायचं, असं ठरलं. ते स्थळ मला नको होतं, वर्दी हवी होती. धरणाच्या रस्त्यावर एक निवृत्त सैनिक आम्हा दहा-बारा जणांना पहाटे पळवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी आहार लिहून दिला होता. भिजवलेले हरभरे, केळी, अंडी आणि भरपूर दूध. ते वाचून आबांची छाती फुगली. बाकीची पोरं दूध विकत आणत होती, आणि इथे आमच्या दारात चार म्हशी. माझा पेला एकाचे दोन झाला, उन्हाळ्यात तीन.

पहिल्या भरतीच्या दिवशी आबांनी पहाटे स्वतः धार काढली आणि दूध तापवून थर्मासमध्ये भरून दिलं. मी ते वाटेतच संपवलं. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, त्या मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली फेरी मी दुसऱ्या नंबरवर होते. दुसऱ्या फेरीला पोटातून जो आवाज आला तो शेजारून पळणाऱ्या मुलीनेही ऐकला, कारण तिने वळून बघितलं. अर्ध्या फेरीत मला ठरवावं लागलं की रेघेपर्यंत जायचं की मैदानाच्या कोपऱ्यातल्या संडासापर्यंत. मी संडासापर्यंत गेले. घड्याळ लावून उभ्या असलेल्या पोलीसबाई नंतर मला म्हणाल्या, "अगं, बाहेर जाताना पळालीस तशी आत पळाली असतीस, तर पहिली आली असतीस." त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण घरी जाईपर्यंत मी रडत होते.

घरी सांगितलं की पाय मुरगळला. दोन दिवस लंगडलेही, एकदा डावा, एकदा उजवा.

मग मी कोणाला न सांगता लोणावळ्याला एका डॉक्टरबाईंकडे गेले. वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी काय काय खाते ते विचारलं. दुधाचं मी अभिमानाने सांगितलं, सकाळी एक पेला, संध्याकाळी एक, मधे कधी तिसरा. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे पोटाचं कधीपासून?" म्हणाल्या. मी म्हटलं, आठवीपासून. "आणि दूध कधीपासून?" मी म्हटलं, आठवीपासून. नऊ वर्षं मला हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवता आले नव्हते, आणि मी पोलीस होऊन गुन्ह्यांचा तपास करायला निघाले होते.

त्यांनी तपासलं, एक-दोन चाचण्या सांगितल्या आणि तोवर दूध पूर्ण बंद करायला लावलं. दही, ताक थोडं थोडं घेऊन बघ म्हणाल्या. पुष्कळांना लहानपण सरलं की दूध पचेनासं होतं, त्यात आजार असा काही नाही. मी दाराशी जाऊन परत फिरले आणि विचारलं, "मुलगी आहे म्हणून होतं का हे?" त्या हसल्या. "आतड्याला कुठे कळतं गं, आपण मुलाच्या पोटात आहोत की मुलीच्या?"

उपाय सापडला, पण तो घरात सांगायचा कसा? आत्या अजून ठणठणीत होती. मी पेला घ्यायचे, अभ्यासाच्या नावाखाली माळ्यावर जायचे आणि दूध एका डब्यात ओतून विरजण लावायचे. भरतीच्या पुस्तकांमागे माझी स्वतःची छोटी डेअरी सुरू झाली. पोट आठवड्यात शांत झालं. पहाटेच्या पळण्यात मी दोन मुलांना मागे टाकायला लागले. सगळं झकास चाललं होतं, फक्त मे महिना होता आणि माळ्यावर पत्रे होते. दोन आठवड्यांनी एक डबा उतू जाऊन सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात शिरला. वास आईपर्यंत पोहोचला.

आई वर आली, डबे बघितले, कपाळाला हात लावून खाली बसली. "तुझं बी तसंच?" म्हणाली.

"तसंच म्हणजे?"

"दादाचं मी रोज विरजते आन कढीत घालते. आता तुझं कशात घालू?"

मला आधी समजेचना. मग समजलं तेव्हा मी पुस्तकं सोडून तिच्यासमोर बसले. दादाला लहानपणापासून दूध पचत नव्हतं. सहा-सात वर्षांचा असताना तो पोट धरून आईकडे रडला होता. तेव्हापासून तो पेला घेऊन ओट्यावर जायचा, आणि आई मागच्या दाराने वळसा घालून त्याच्या पुढ्यातून तो घेऊन जायची. आमच्याकडे आठवड्यातून चार वेळा कढी का असायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग मला का न्हाई सांगितलं?" मी ओरडले.

"तू भांडून घेतला हुतास," आई म्हणाली. "मला वाटलं तुला लय आवडतंय. आन त्याचं कुनाला सांगितलं असतं तर म्हनले असते, पोरगं नाजूक हाय."

मला भयंकर राग आला. आईचा आला, दादाचा आला, कढीचासुद्धा आला. ज्या पेल्यासाठी मी गोठ्यात सहा तास बसले होते, त्यातला एक घोटही दादाच्या पोटात जात नव्हता. दादाला मी त्या दिवशी तोंडावर विचारलं तर तो म्हणाला, "तू येवढ्या चवीनं पेतीस, मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट हाय." चवीनं पिण्याचं नाटक तर माझंच होतं.

दुसऱ्या भरतीच्या आदल्या संध्याकाळी आत्या मुद्दाम लाडू घेऊन आली. आबांनी धार काढली, दूध तापवलं आणि दोन पेले आमच्यासमोर आणून ठेवले. मी माझा उचलून माळ्याकडे निघाले तर आत्या म्हणाली, "हितंच पी की. मागल्या येळंला पाय न्हवता मुरगळला तुझा. पोट बिघडलं आसंल. पोरींना पचत न्हाई, मी म्हनलंच हुतं."

ती बरोबर होती, आणि तेच मला सहन होईना. नऊ वर्षांचा हट्ट माझ्या डोक्यात चढला. उद्या पहाटे शेवटची संधी आहे, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरबाईंचं बोलणं आठवत होतं. तरी मी पेला तोंडाला लावला. माझ्याइतकी मूर्ख मुलगी मावळ तालुक्यात दुसरी नसेल.

दादाने तो माझ्या हातातून काढून घेतला. "हिला उद्या नुसतं पळायचंय," तो म्हणाला. "पुण्यापतूर गाडी मला चालवायचीय. ताकद मला लागनार." आणि उभ्या उभ्या माझा पेला प्यायला, मग स्वतःचाही. आई आतून बघत होती. आत्या खूश झाली. "ह्येला म्हनत्यात पोराचं पोट," म्हणाली.

सकाळी पुण्याला जाताना दादाने मोटारसायकल चार वेळा थांबवली. चौथ्यांदा तो झुडपामागून आला तेव्हा त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. मी म्हटलं, मी चालवते. तो मागे बसला आणि थोड्या वेळाने माझ्या कानाशी म्हणाला, "आज घरी सांगून टाकू. त्या कॅम्पवरच्या पोरींना मी उगाच हसलो."

मी दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या. पुढे लेखी परीक्षेत किती धडपडले ते वेगळं, तिथे दुधाला दोष देता येईना. पण त्या दिवशी मी रेघ ओलांडली तेव्हा दादा कुंपणाला धरून उभा होता, आणि मी त्याला घट्ट मिठी मारली. त्याने दोनच क्षण मला धरू दिलं, मग घाईने कुठेतरी गेला.

संध्याकाळी घरी दादाने सांगितलं. शब्द मोजून, मान खाली घालून. मग मी माझं सांगितलं. आत्या आईकडे बघून म्हणाली, "म्हंजी ह्यांच्या आईकडनं आलंय." आई म्हणाली, "येऊ द्या."

धारेची बादली आबांच्या हातातच होती. त्यांनी विचारलं, "मंग येवढी वर्सं मी कुनासाठी राकून ठिवत हुतो?"

मग आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आबांना लगीन झालं तवा रोज तांब्याभर दूध लागायचं. दादा झाला आन सोडलं. डेअरीला कॅन भरायचा आन पोराला बी राकायचं, म्हनून."

मी आबांना कधी दूध पिताना पाहिलंच नव्हतं. दादाचा पेला मी रोज मोजत होते, त्यात साय किती हेसुद्धा बघत होते. आबांच्या हातात काय आहे, हे बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

आईने बादलीतलं दूध गाळलं, तापवलं आणि पेला भरून त्यांच्यासमोर धरला. "मला कशाला आता," आबा म्हणाले. "डेअरीला जाऊ दे." मी म्हटलं, "आबा, प्या." त्यांनी पेला घेतला आणि आमच्याकडे पाठ करून ओट्यावर जाऊन बसले. पहिला घोट घेतला आणि ओठाला लागलेली साय पुसली. मग म्हणाले, "साखर न्हाई लागत ह्याला."