शकूवहिनींचं भ्या

जळकोटहून फोन आला तेव्हा मी नांदेडजवळ विष्णुपुरीला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. मोबाइलवर थोरल्या भावाचं, अण्णाचं नाव दिसलं आणि मी हातातलं काम तसंच टाकलं. गेली काही वर्षं जळकोटचा फोन म्हणजे अण्णाच्या हृदयाचा फोन, असंच आमच्या घरात ठरून गेलं होतं. व्हरांड्यात येऊन मी फोन कानाला लावला. पलीकडून अण्णाच म्हणाला, ‘सुधा...’ आणि त्याचा आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. अण्णा बोलतोय, म्हणजे अण्णा आहे. ते सुख श्वासभरही टिकलं नाही. ‘सुधा, शकू गेली रे,’ तो म्हणाला. वहिनी आजारी आहेत, लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलंय, हे मला माहीत होतं. आठवडाभरापूर्वीच त्यांना पाहून आलो होतो. तरीही मी ‘कोण?’ म्हणून पुन्हा विचारलं. इतकी वर्षं आम्ही सगळे एकाच दारावर पहारा देत बसलो होतो, आणि मरण दुसऱ्याच दारानं आत येऊन गेलं होतं.

शकूवहिनी नायगावकडच्या. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो. उंच, सावळ्या, आवाज असा की शेताच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा गडी वळून बघायचा. गोठ्यात साप निघाला तर काठी घेऊन पुढं व्हायच्या त्या. अण्णा आपला मागून ‘सांभाळून, सांभाळून’ करायचा. भ्या हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता. आणि त्यांच्या हाताला चव होती. विशेषतः मटणाला. गावात कुणाकडं पाहुणे आले की मसाला भाजायला वहिनींना बोलावणं यायचं. अण्णा तर पट्टीचा खाणारा. सोयाबीन, तूर अशी बरी शेती, अंगापिंडानं दांडगा, रविवारी मटणाशिवाय त्याचं जेवण व्हायचं नाही. वर वाटीभर सायीचं दही आणि भाकरीवर तुपाचा गोळा. ‘राबणाऱ्या मानसाला काय होतंय,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

झालं ते सोयाबीनच्या मळणीच्या दिवशी. सकाळपासून त्याला घाम येत होता, डावा खांदा दुखत होता. वहिनी म्हणाल्या, आज राहू द्या. ‘काय मरून राहिलो का मी?’ म्हणत तो गेला, आणि दुपारी मळणीयंत्राच्या धुरळ्यात खाली बसला तो उठलाच नाही. जीपमध्ये घालून लातूरला नेला. मी नांदेडहून परस्पर दवाखान्यात पोचलो. जीपच्या ड्रायव्हरनं नंतर मला जे सांगितलं, ते अजून कानात आहे. वाटभर वहिनी अण्णाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्याला नावानं हाका मारत होत्या... ‘माधव, ओ माधव, डोळे उघडा.’ ज्या बाईनं उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिनं उदगीर ओलांडून लातूर येईपर्यंत दुसरा शब्द उच्चारला नाही. अण्णा ‘हूं’ म्हणाला की पुन्हा हाक, ‘हूं’ यायला उशीर झाला की आणखी मोठी हाक. मी पोचलो तेव्हा त्यांचा आवाज पार बसलेला होता. बाकावर बसून त्या काचेच्या दाराकडं बघत होत्या, आणि दार जरा हललं की उठून उभ्या राहत होत्या. त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अण्णा वाचला. एका नळीत स्टेंट बसवला, पण बाकीच्या नळ्याही चांगल्या नव्हत्या, साखरही वाढलेली. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी समजावून सांगितलं, ‘गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आणि खाणं बदला. मटण, अंडी, तूप तर बंदच, जमलं तर दूध-दहीसुद्धा सोडा. भाकरी, डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, फळं यांवर राहा. गोळ्यांना ते फार मदत करील. दूधही बंद म्हणून एक जीवनसत्त्वाची गोळी मी लिहून देतो, तीही घ्यायची.’ अण्णा खिडकीबाहेर बघत होता. वहिनींनी मात्र एकेक शब्द असा ऐकला, जणू त्यातला एक सांडला तर अण्णा जाणार होता. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘भाऊजी, मटनाचं पातेलं मी उद्याच भंगारात घालते.’ आणि खरंच घातलं.

मग सुरू झाली ती रोजची लढाई. दारात दुभती म्हैस आणि घरात कोरा चहा! म्हशीचं दूध सगळं डेअरीला जायचं. अण्णा धारा काढायचा आणि दुधाकडं असा बघायचा की बघणाऱ्याला हसू यावं आणि रडूही. ताटात ज्वारीची भाकरी, करडईची नाहीतर अंबाडीची भाजी, बिनतुपाचं वरण, मोडाची मटकी, जवसाची चटणी. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून वहिनींनी त्याचं दूध काढून पाहिलं. अण्णानं एक घोट घेतला आणि म्हणाला, ‘हे सोयाबीन मी इकतो तेच बरं हाय.’ गावानं तर चेष्टेला काही ठेवलं नाही. माळ घातली का, म्हणून विचारायचे. माळकरी तरी दूध पितो, तुला तेही न्हाई, म्हणून हसायचे. लग्नाच्या पंगतीत वहिनी अण्णासाठी फडक्यात भाकरी बांधून न्यायच्या, तेव्हा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘बाईनं नवऱ्याचं बकरू केलं.’ अण्णाचं वजन उतरायला लागलं तशी आमची आत्या येऊन बसली. ‘पोरगं आटून चाललंय. पायाचं सूप पाज त्याला, शकुंतला.’ वहिनी कुणालाच उलटून बोलल्या नाहीत. पूर्वीच्या वहिनी असत्या तर आत्याला दाराबाहेर ठेवली असती. आता त्या फडकं सोडायच्या आणि अण्णाच्या पानात भाकरी वाढायच्या. आणि स्वतःच्याही. डॉक्टरांनी त्यांना काही सोडायला सांगितलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून अण्णा जे खाईल तेच त्या खाऊ लागल्या. ‘माझ्या तोंडाला वास आला तर ह्यांचं मन चळंल,’ एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जळकोटलाच होतो. अण्णा विहिरीवरच्या मोटारीचा कसलासा पार्ट आणायला उदगीरला गेला आणि दुपार कलल्यावर परतला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या आणि मध्येच थांबल्या. मलाही तो वास आला. ढाब्यावरच्या रश्श्याचा. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. हातातला तांब्या कलला होता, आणि पाणी पायांवर सांडत होतं तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. अण्णा वरमला, मग चिडला. ‘एक दिस खाल्लं तर काय मरून राहिलो का मी?’

‘त्या दिशी बी तुम्ही असंच म्हनला होता,’ वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. ‘मला लई भ्या वाटतंय हो. तुम्ही शेतात गेलात की भ्या. यायला येळ झाला की भ्या. दुपारचं जरा पडलात तर छाती हालती का न्हाई ते बघत बसते मी. मानसानं किती भ्यावं? थकले मी आता.’

अण्णानं हातातला पार्ट खाली ठेवला. मग मोरीत जाऊन खळखळून चुळा भरल्या, आणि ओल्या तोंडानंच पायरीवर त्यांच्याशेजारी येऊन बसला. ‘न्हाई खानार,’ एवढंच म्हणाला. माझ्या माहितीत त्यानं तो शब्द मोडला नाही.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली असं म्हणायला हवं. साखर आटोक्यात आली, डॉक्टरांनी तपासून काही गोळ्या कमी केल्या. चढावर धाप लागायची ती थांबली. चेष्टा करणारे एकेक करून वहिनींना गाठून विचारू लागले की बिनतेलाची भाजी कशी करायची. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, आम्ही सगळे शेतात जमायचो. वहिनींनी आंबील ताकाशिवाय, नुसतं ज्वारीचं पीठ आंबवून केलं आणि कुणाला सांगितलंच नाही. आत्यानं मागून दोनदा प्यायलं. अण्णा पालेभाज्या-हिरव्या दाण्यांची ती भज्जी पोटभर खाऊन झाडाखाली आडवा झाला आणि वहिनी आमच्याशी बोलता बोलता दर थोड्या वेळानं मान वळवून त्याच्या छातीकडं बघत होत्या. भ्या गेलं नव्हतं. ते घरात राहायला आलं होतं.

त्याच येळवसेला सगळ्यांचं लक्ष गेलं की वहिनी किती हलक्या झाल्यात. बायका म्हणाल्या, ह्या खाण्यानं तुम्ही बी चवळीची शेंग झालात की! वहिनी हसल्या. माझी बायको तर नांदेडला आल्यावर आठवडाभर भाकरी-पालेभाजीच करत होती. अण्णाचं वजन उतरून जसं थांबलं, तसं वहिनींचं थांबत नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं. दोघांच्या ताटात एकच तर अन्न होतं.

पावसाळ्यात वहिनी एकट्याच एसटीनं नांदेडला आल्या. दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा दिसला. पाठीत आणि पोटात दुखतंय, अन्न जात नाही, असं म्हणाल्या. केव्हापासून, ते सांगेनात. मी त्यांना तपासायला घेऊन गेलो. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि पसरलेला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी तपासणीचे कागद आवरू लागलो. वहिनींनी माझं मनगट धरलं, अगदी घट्ट. ‘भाऊजी, ह्यांना सांगू नका. मला काय व्हायचं ते होऊ द्या. पन हे ऐकून ह्यांच्या काळजाला काय झालं तर...’ मरणाची बातमी नुकतीच ऐकलेली ती बाई, आणि अजूनही तिला भीती वाटत होती ती अण्णाच्याच मरणाची.

लपवण्यासारखं ते नव्हतंच. मी त्यांना जळकोटला पोचवायला गेलो. अण्णानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘सांग, सुधा. मी खाली बसून ऐकतो.’ खरंच खाली बसला. मी सांगितलं. वहिनी दाराशी उभ्या राहून त्याच्या चेहऱ्याकडं नाही, छातीकडं बघत होत्या. त्याला काही झालं नाही. तो उठला आणि त्यांना म्हणाला, ‘बघ, मी हाय. आता तू माझं भ्या सोड.’

लातूरला उपचार झाले, शरीरानं जेवढे घेतले तेवढे. उदगीरला दिलेली लेक, सुनीता, येऊन-जाऊन होती, पण बराचसा स्वयंपाक अण्णाच करायचा. मऊ भात, पातळ वरण; तेही एकदोन घास जायचे. आणि गावात कुजबुज सुरू झाली... पाला खाऊन चालली बिचारी, नवऱ्यापायी उपाशी राहिली. ती अण्णाच्या कानावर गेलीच. एकदा वहिनी आत सलाईनवर असताना तो मला घेऊन त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांकडं गेला. एवढा मोठा गडी, टेबलाची कड धरून उभा होता. ‘डॉक्टरसाहेब, खरं सांगा. माझ्यासंगं तसलं खाल्लं म्हनून झालं का तिला?’ डॉक्टरांनी त्याला बसवलं. म्हणाले, ‘नाही. या रोगाचा त्या खाण्याशी काही संबंध नाही. त्या तूप-मटण खात असत्या तरी हा थांबला नसता. पण तुमचं हृदय आज जे चाललंय, ते गोळ्यांवर आणि त्यांनी घातलेल्या जेवणावर चाललंय. ते मोडू नका.’ अण्णानं मान डोलावली. जिना उतरताना मात्र मला विचारलं, ‘खरं बोलून राहिले ना रे ते?’ आणि खाली रिक्षापाशी आल्यावर पुन्हा तेच विचारलं.

परवा मी जळकोटला जाऊन आलो. सुनीता त्याला उदगीरला चल म्हणून मागं लागली आहे, तो जात नाही. मी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आत्यानं मटणाच्या रश्श्याचा डबा धाडला होता. आता कोण अडवणार, पोटभर खा, असा निरोपही होता. अण्णानं डबा न उघडता परत पाठवला. मग फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत वाळवलेला हरभऱ्याचा पाला. डॉक्टरांनी घरी पाठवल्यावर, बसवत नव्हतं तेव्हा, वहिनींनी अण्णाकडून शेतातला कोवळा पाला खुडून आणवला होता आणि खाटेवर पडून अंगणातलं वाळवण राखलं होतं. उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळत नाही, तेव्हा ह्यांनी काय खायचं, म्हणून.

‘ती होती तवर भ्यायचं काम तिच्याकडं होतं,’ अण्णा म्हणाला. ‘मी आपला निवांत. आता मलाच भ्यावं लागून राहिलं, सुधा. सकाळी उठलो की आधी छातीवर हात ठेवतो.’ त्यानं मूठभर पाला घेतला, थोडा वेळ हातात धरला, आणि त्यातला निम्मा परत डब्यात टाकला.

‘घे की सगळा,’ मी म्हणालो. ‘पुढच्या थंडीत हरभरा पुन्हा येईलच.’

‘हरभरा तर येईल,’ तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं.